श्रद्धेच्या कारणावरून शिक्षकाची नोकरी जाऊ देऊ नका
भेस्तान परिसरातील पालक, शिक्षक आणि ट्रस्टींना कळकळीचे आवाहन

भेस्तान, उन, पांडेसरा, उधना, डिंडोली आणि लिंबायतच्या बंधू-भगिनींनो,

उन्हाळी सुट्टी तोंडावर आली आहे. खासगी शाळांमधले अकरा-अकरा महिन्यांचे करार याच दिवसांत संपतात, आणि जूनमध्ये कोणाला परत बोलवायचे हे याच दिवसांत ठरते. त्यातल्या अनेक शाळा धार्मिक ट्रस्टच्या आहेत. शिक्षक देवळात, चर्चमध्ये किंवा मशिदीत जातो की नाही, त्याने लग्न कोणाशी केले, धर्म बदलला का, घरी कोणाचा फोटो लावला, यावरून त्याची नोकरी ठरू लागली, तर त्याने जायचे कोठे? अशी पाळी आपल्या भागातल्या कोणावर येण्याआधी आपण सावध व्हावे, म्हणून हे आवाहन.

आपल्या मराठी माणसांनी हे एकदा पाहिले आहे. रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. कॉलेज मिशनऱ्यांचे. कर्व्यांनी 1921 मध्ये संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि त्याचा उघड प्रचार केला. हे काम वर्गाबाहेरचे, स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या विचाराने केलेले. तरी व्यवस्थापनाला ते खपले नाही आणि 1925 मध्ये कर्व्यांना नोकरी सोडावी लागली. पुढे 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक आर्थिक ओढगस्तीत चालवले. ज्या विचारापायी त्यांची प्राध्यापकी गेली, त्याच विचाराचा राष्ट्रीय कार्यक्रम भारत सरकारने 1952 मध्ये हाती घेतला. कॉलेजने एक गणिताचा प्राध्यापक गमावला आणि विद्यार्थ्यांनी एक निर्भय शिक्षक.

कायदा काय म्हणतो, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत हवे. घटनेच्या कलम 30 ने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. गुजरातमध्ये आपण मराठी भाषकही भाषिक अल्पसंख्याक आहोत. म्हणून हा हक्क आपलाही आहे आणि तो आपण जपलाच पाहिजे. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की, अल्पसंख्याकांच्या कॉलेजातील प्राध्यापकाला काढताना कुलगुरूंची आगाऊ मंजुरी घेण्याची सक्ती करता येणार नाही. याचा अर्थ ट्रस्टला मनमानीची सूट मिळाली, असा मात्र नाही. 2002 च्या टी. एम. ए. पै खटल्यात त्याच न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी खासगी संस्थांतील शिक्षकांना दाद मागण्यासाठी जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचे न्यायाधिकरण असावे, असे म्हटले. निर्णय ट्रस्टचा असेल, पण तो तपासला जाईल. आपल्या राज्याच्या 1972 च्या माध्यमिक शिक्षण कायद्यातही शिक्षकाला काढण्यापूर्वी त्याची बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते.

श्रद्धेची सक्ती किती चालते, याचे उत्तर नाशिकच्या एका शिक्षकाने मिळवून दिले. अनुदानित शाळेत प्रार्थनेच्या वेळी ते हात जोडत नसत, म्हणून ते शिस्तभंगाचे दोषी ठरले आणि त्यांची वेतनवाढ अडली. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. शिक्षकाला हात जोडायला भाग पाडणे हा त्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने मानले.

श्रद्धेवरून नोकरी ठरवण्याचा दरवाजा एकदा सताड उघडला की काय होते, ते अमेरिकेत दिसते. तिथे 2012 आणि 2020 च्या निकालांनी धार्मिक शाळांना धर्म शिकवणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत जवळजवळ पूर्ण मोकळीक दिली. 2020 च्या प्रकरणात दोन कॅथलिक शाळांतील शिक्षिका होत्या. वय झाले म्हणून काढले, अशी एकीची तक्रार होती. कर्करोगाच्या उपचारासाठी रजा मागितली म्हणून काढले, अशी दुसरीची. तक्रार खरी की खोटी, हे तपासण्याआधीच दोघींसाठी न्यायालयाचे दार बंद झाले. श्रद्धेच्या नावाने दिलेली सूट आजारी माणसाच्या पोटावरही येते, ती अशी.

ट्रस्टची बाजू आम्हाला समजते. धर्मग्रंथ शिकवणारा शिक्षक त्या धर्माचा जाणकार हवा. मुख्याध्यापक आपल्या विश्वासातला निवडण्याचा अल्पसंख्याक संस्थेचा अधिकार सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केला आहे. कोणी वर्गात उभा राहून मुलांच्या श्रद्धेची टिंगल केली, तर कारवाई जरूर व्हावी. पण गणित, विज्ञान, मराठी, पीटी शिकवणारा शिक्षक, क्लार्क, शिपाई, आया यांच्या मनात कोणता देव आहे, किंवा नाहीच, याच्याशी शाळेचा संबंध नाही. हिंदू, ख्रिस्ती, मुस्लिम, जैन, कोणत्याही ट्रस्टची शाळा असो, आमचे म्हणणे एकच आहे.

म्हणून आमची विनंती:

शिक्षकांनो, नेमणुकीची ऑर्डर लेखी घ्या. कोऱ्या कागदावर किंवा तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही करू नका. तोंडी "उद्यापासून येऊ नका" म्हणाले, तर लेखी कारण मागा, आपले उत्तर लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. अपिलाची मुदत थोडी असते, म्हणून त्याच आठवड्यात वकिलाला भेटा.

ट्रस्टींनो, कोणत्या पदाला धर्माची अट आहे, ते जाहिरातीतच लिहा. बाकीच्या पदांवर श्रद्धेवरून कोणाला काढणार नाही, असा ठराव जून उजाडण्याआधी करा आणि तो नोटीस बोर्डावर लावा.

पालकांनो, मुलांना शिकवणारे सर आणि मॅडम तुम्हाला चांगले ठाऊक आहेत. येत्या पालक मीटिंगमध्ये उभे राहा आणि विचारा: आमच्या मुलांचे कोणते शिक्षक पुढच्या वर्षी नसतील, आणि का?

निवृत्त शिक्षकांनो, वकील मित्रांनो, आठवड्यातली एक संध्याकाळ द्या. अर्ज लिहायला, कागद वाचायला, सुनावणीला सोबत जायला माणूस हवा असतो.

जळगाव, धुळे, नंदुरबारहून आपण इथे पोटासाठी आलो. लूमवर, मिलमध्ये राबून मुलांना शाळेत घातले, ती स्वतःच्या डोक्याने विचार करायला शिकावीत म्हणून. विचार करण्याची किंमत नोकरीने मोजणारा शिक्षक त्यांना हे शिकवू शकणार नाही. म्हणून सुट्टी लागण्याच्या आत आपल्या शाळेच्या ऑफिसात जा, आणि शेजारच्या दोन पालकांना सोबत न्या.

आपले,
भेस्तान परिसरातील पालक