आमच्या मताची वाट कोणी अडवली?



निवडणूक पार पडली की दरवेळी एकच डांगोरा पिटला जातो. लोक मतदानाला येत नाहीत, लोकांना लोकशाहीची किंमत नाही! २६ एप्रिल २०२४ ला लोकसभेचं मतदान झालं. यवतमाळ-वाशिम मतदारसंघात आणि शेजारच्या अकोल्यात शंभरातली साठ-बासष्ट माणसं केंद्रावर आली. बाकीची कुठं गेली? खुर्चीवर बसलेल्या शहाण्यांनी झटक्यात निकाल दिला, "आळशी आहेत!" जिनिंगच्या धुळीत रुई-सरकी उपसणारे, पाठीवर पोती वाहणारे आम्ही आळशी! तर आता आमचा जबाब ऐका.

आमचा वाशिम जिल्हा कोरडवाहू. सोयाबीन निघालं, कापूस-तूर उरली, की हाताला काम नाही. दसरा-दिवाळी झाली म्हणजे मानोरा-मालेगावकडच्या तांड्यांतून, वाड्यांतून बिऱ्हाडं निघतात. कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी पुण्या-मुंबईच्या कारखान्यात. घरी म्हातारी माणसं आणि दाराला कुलूप. विधानसभेचं मतदान कधी होतं? २० नोव्हेंबर २०२४ ला. आणि राज्यातल्या साखर कारखान्यांचं गाळप कधीपासून धरलं होतं? १५ नोव्हेंबरपासून! म्हणजे मुकादमाची उचल घेतलेल्या माणसानं कोयता हाती धरायचा आणि पाचव्या दिवशी शेकडो मैल मागं येऊन बोटाला शाई लावायची. भाडं कोणी द्यायचं? बुडाला रोज कोणी भरायचा? "मत द्याले जातो" म्हटलं तर मुकादम म्हणेल, "आधी उचल फेड!"

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा म्हणतो, माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचा गावचा रहिवास संपत नाही. म्हणजे नाव यादीत गावाला राहतं, आणि पोट माणसाला दुसऱ्या मुलखात नेतं. नाव इकडं, माणूस तिकडं! मधलं अंतर भरून काढायची तजवीज कायद्यात नाही.

१९५१ च्या कायद्यात १३५-ख हे कलम आहे. मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी द्या, असा त्याचा हुकूम. मोडला तर मालकाला दंड किती? फार फार तर ५०० रुपये! कापसाचा हंगाम ऐन भरात, एका पाळीत किती गठाणी बांधल्या जातात हे आम्हाला ठाऊक आहे. ५०० रुपये मालकाच्या चहापाण्याचा खर्च! कामगारानं मात्र सुट्टी मागितली तर दुसऱ्या दिवशी फाटकावरूनच परत, "उद्यापासून येऊ नको." ज्या कायद्याचा दंड मालकाला चिमटाही काढत नाही, तो कायदा कामगाराला कसा वाचवणार?

आता दुसरी बाजू बघा. सीमेवरच्या जवानाला टपालानं मत देता येतं. ते योग्यच आहे, त्याच्याबद्दल आमची तक्रार नाही. निवडणुकीच्या कामावरच्या नोकरदाराला सोय आहे. ८५ वर्षांवरच्या म्हाताऱ्याचं मत २०२४ मध्ये घरी येऊन घेतलं. तीही चांगली गोष्ट. मग देशाची साखर, देशाची वीट, देशाचं कापड ज्यांच्या घामातून निघतं त्यांच्यासाठीच टपालाची पिशवी रिकामी का? दुसऱ्या राज्यात गेलेल्यांसाठी निवडणूक आयोगानं एक यंत्र तयार केलं होतं. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचं मत घेता येईल असं सांगितलं. १६ जानेवारी २०२३ ला ते पक्षांना दाखवायला बोलावलं. पक्षांनी शंका काढल्या. २०२४ ची लोकसभा आली नि गेली, यंत्र काही आमच्यापर्यंत पोचलं नाही. शंका खऱ्या असतील तर त्यांचं निरसन करा. यंत्र नको तर कागदाची मतपत्रिका द्या. पण शंकेच्या खुंटीवर मजुराचा हक्क टांगून ठेवू नका!

बंधूंनो, हा हक्क फुकट मिळालेला नाही. इंग्रजांच्या राज्यात जमीन, कर आणि शिक्षण पाहून मत देत. आमच्यासारख्यांच्या आज्यापणज्यांना विचारतो कोण! १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मागितलं. ते १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत हाती आलं. १९५७ मध्ये मुंबईच्या गिरणगावानं आणि पश्चिम महाराष्ट्रानं त्याच मताचा दणका दिला आणि १ मे १९६० ला मराठी राज्य झालं. आपल्या भाषेत आपला कारभार आपल्याच माणसानं करावा, यासाठीच ते राज्य होतं ना? मग आमच्याच जिल्ह्यात काय झालं बघा.

७ जानेवारी २०२० ला वाशिम जिल्हा परिषदेचं मतदान झालं. ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. जागा वाटतानाच हे सरकारनं बघायला नको होतं काय? आम्ही निवडलेल्या १४ जागा रिकाम्या झाल्या. ५ ऑक्टोबर २०२१ ला त्यांच्यासाठी पुन्हा रांगा! जानेवारी २०२५ मध्ये मुदत संपली आणि प्रशासक बसला. घटनेचं कलम २४३-ड-नंतरचं २४३-इ सांगतं की मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. राज्यभर असे प्रशासक बसले होते. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, निवडणुका घ्या! गावचा रस्ता, शाळेचं छप्पर, दवाखान्यातलं औषध ज्या सभागृहात ठरतं, त्याला टाळं. तक्रार सांगावी कुणाले? प्रशासकाला आमच्या मताची गरज नाही, म्हणून आमचं भय नाही.

खासदाराचीही तीच तऱ्हा. २००९ पासून वाशिम नावाचा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ उरला नाही. रिसोड-मालेगाव अकोल्याला जोडलं, बाकीचे चार तालुके यवतमाळला. जिल्हा एक, खासदार दोन, आणि गाऱ्हाणं घेऊन जायला वाट लांब!

म्हणून आमच्या मागण्या रोखठोक आहेत:

१. कामासाठी बाहेर गेलेल्या मजुराला टपाली मत द्या. कलम ६० खाली आयोग आणि सरकार मिळून एखाद्या वर्गाला ही सोय देऊ शकतात. मजुरांचा वर्ग त्यात घाला.

२. मतदानाची तारीख ठरवताना गाळपाचा आणि कापसाचा हंगाम बघा.

३. सुट्टी नाकारणाऱ्या मालकाला खरोखर जाचेल असा दंड लावा.

४. मुदत संपण्याआधी जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची निवडणूक घ्या. प्रशासकाचं राज्य नको.

आणि भावांनो, आपणही हात बांधून बसायचं नाही. बिऱ्हाड हलवायच्या आधी यादीत नाव बघा. पोराला अठरा पुरी झाली की त्याचं नाव घाला. सून नव्या गावात आली की तिचंही. मतदानाच्या आदल्या रात्री बाटली आणि पाकीट घेऊन जो दारात येईल त्याला सरळ विचारा, "पाच वर्षं तू कुठं होतास?" प्रत्येक गिरणीत, प्रत्येक टोळीत, प्रत्येक तांड्यावर ज्यांचं मत बुडालं त्यांची नावं लिहून काढा. ती यादी घेऊन आपण तहसीलवर जाऊ, जिल्हा कचेरीवर जाऊ. लोक मतदानाला का येत नाहीत, हे ज्यांना पडलेलं कोडं आहे, त्यांच्या टेबलावर ती यादी ठेवू.

एकजुटीनं उठा! मजूर जिथं, त्याचं मत तिथं!