आरएक्सची कुंडली

ऑफिसातला एक मित्र बुलडाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूरचा. परवा सुट्टीवरून आला तो हवेतच. गावाकडे यामाहा आरएक्स १०० मिळतेय! झगमगीत लाल टाकी, नवं क्रोम, एक्स्पान्शन चेंबर, पुढे डिस्क ब्रेक. विकणारा सव्वा लाख मागतोय. काकांची गोठ्यात पडलेली जुनी आरएक्स दिली तर पंचवीस हजार कमी. 'उडवू का बार?'

थांब बॉस, आधी कुंडली बघ!

आरएक्स १०० आली १९८५ मध्ये, बंद झाली १९९६ मध्ये. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ बीएचपी, वजन जेमतेम शंभर किलो. आपली देशी मसल कारच म्हणा ना! अमेरिकेत जुन्या मस्टँग-कमारोचा भाव ठरतो 'मॅचिंग नंबर्स'वर. कारखान्यातून निघताना होतं तेच इंजिन आजही गाडीत आहे का? आरएक्सचाही फंडा तोच.

म्हणून टॉर्च घ्या आणि खाली बसा. इंजिन आणि चेसिसचे नंबर आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर जुळवा. आरएक्स १०० चा नंबर '१एल१'ने सुरू होतो. आकडे घासून पुन्हा ठोकलेले वाटले, तर लांबूनच नमस्कार. कित्येक 'शंभर'च्या पोटात आरएक्स १३५ चं इंजिन असतं. पळते झक्कास, पण आरसीवरची गाडी ती नव्हेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असे बदल परस्पर करता येत नाहीत.

नंबर प्लेटही बोलते. 'एमएच' सिरीज आली १९८९ मध्ये. मॉडेल १९८६ चं आणि प्लेटवर एमएच २८? मग पहिली नोंदणी कुठली, ते विचारा. 'व्हिंटेज आहे साहेब' याला तर भुलूच नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेजला पन्नास वर्षं पूर्ण लागतात. पहिल्या आरएक्सलाही २०३५ उजाडेल.

मॉडिफिकेशन म्हणजे पाप नाही. सायलेन्सर, हँडल, सीट बदललं आणि जुना माल पोत्यात जपून ठेवलाय? मग गाडी पुन्हा मूळ रूपात येते. पण चेसिस कापली, सिलिंडरचे पोर्ट घासले की परतीची वाट बंद. आणि कंपनीचा फिकट रंग नव्या चकाकीपेक्षा महाग, कारण तो पुन्हा मारता येत नाही.

मित्राने तिथल्या भावाला फोन करून दोन्ही गाड्यांचे नंबर मागवले. लाल सुंदरीचं इंजिन भलत्याच गाडीचं निघालं. काकांच्या धुळकट आरएक्सचे नंबर मात्र तंतोतंत जुळले, वर मूळ सायलेन्सर माळ्यावर. पंचवीस हजारांत जाणार होती ती!

आता मित्र काकांच्या मागे लागलाय. काकांचं उत्तर, 'चाबी घेऊन जाय बावा, पन गाडी इकाची नाही!'