घराचा निरोप घेताना

दोस्तांनो,

वार्षिक परीक्षा संपली की आपल्याकडे तीन हंगाम एकदम सुरू होतात. एक आंब्यांचा, दुसरा मामाच्या गावाचा आणि तिसरा घरं बदलण्याचा! कुणाच्या बाबांची बदली होते, कुणाच्या आईला दुसऱ्या गावी नोकरी लागते, कुणाचा जुना वाडा पाडून तिथे मोठी इमारत व्हायची असते. मुलांची शाळा बुडायला नको, म्हणून मोठी माणसं हे सगळं मे महिन्यातच उरकून घेतात. दारात टेम्पो येतो, कपाटं सुतळीनं करकचून बांधली जातात, स्वयंपाकघरातली भांडी पोत्यांत जाऊन बसतात.

आणि या सगळ्या गडबडीत एखादी मुलगी परसात जाऊन पेरूच्या फांदीवर बसून राहते. हाका मारल्या तरी ओ देत नाही.

मग कुणीतरी म्हणतंच, "अगं, तिकडचं घर याच्यापेक्षा मोठं आहे. लिफ्टसुद्धा आहे! त्यात रडण्यासारखं काय?"

आहे ना, रडण्यासारखं आहे! लिफ्ट कितीही छान असली, तरी तिच्यावर चढून पेरू खाता येत नाहीत. ज्या झाडाला आपण पाणी घातलं, ज्या ओट्यावर पडून गुडघा फोडून घेतला, ज्या खिडकीतून पहिला पाऊस पाहिला, ते सोडून जाताना वाईट वाटणारच. तेव्हा रडू आलं तर खुशाल रडा. आणि डोळे पुसून झाले, की कामाला लागा. कारण निरोप नीट घ्यायचा, तर त्यात काम पुष्कळ असतं!

आधी एका गावाची खरी गोष्ट सांगते. गोव्यात सांगे तालुक्यात कुर्डी नावाचं गाव होतं. नारळ, काजू, आंबे, फणस यांनी भरलेलं. थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म १९०४ साली याच गावचा. पुढे साळावली धरण बांधायचं ठरलं. दक्षिण गोव्याला पाणी मिळणार होतं, पण त्यासाठी कुर्डी पाण्याखाली जाणार होती. गावातल्या शेकडो कुटुंबांनी आपापली घरं सोडली आणि दुसरीकडे संसार मांडले. १९८० च्या दशकात गाव बुडालं.

तिथलं महादेवाचं शेकडो वर्षांचं जुनं दगडी देऊळ मात्र वाचलं. कसं, सांगू? पुरातत्त्व खात्यानं ते दगड न् दगड सुटा करून उचललं आणि धरणाजवळच्या दुसऱ्या जागी पुन्हा रचलं! आख्खं देऊळ घर बदलून गेलं म्हणा ना.

पण फणसाचं झाड असं सुटं करून नेता येतं का? नाही येत. ती झाडं तिथेच राहिली. आजही उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं, की भेगाळलेल्या जमिनीवर घरांचे चौथरे आणि झाडांचे वाळके बुंधे दिसू लागतात. मे महिन्यात गावातली जुनी माणसं मुलानातवंडांना घेऊन तिथे येतात. हिंदू देवाचा उत्सव करतात, ख्रिस्ती लोक चॅपेलचं फेस्त करतात. आपलं अंगण कुठे होतं, विहीर कुठे होती, ते बोट दाखवून सांगतात. इतकी वर्षं झाली, तरी त्यांना ते आठवतं. का? कारण त्यांनी ते नीट पाहून ठेवलेलं होतं.

म्हणून आपलं पहिलं काम, नीट पाहून ठेवायचं. मोबाइलवर फोटो तर तुम्ही काढालच. पण एक वही आणि पेन्सिलही घ्या. घराचा आणि बागेचा नकाशा काढा. पट्टी नको, आपल्या पावलांनीच मोजा. दारापासून तुळशीपर्यंत किती पावलं? विहिरीपासून आंब्यापर्यंत किती? कुठल्या पायरीचा दगड हलतो, कुठली खिडकी कुरकुरते, तेही लिहा. दाराच्या चौकटीवर तुमच्या उंचीच्या खुणा असतील, तर एक लांब फीत तिथे धरा आणि सगळ्या खुणा तारखांसकट तिच्यावर उतरवून घ्या. चौकट नेता येत नाही, पण फीत खिशात मावते!

दुसरं काम, बागेतलं जे येऊ शकतं, ते बरोबर न्यायचं. गोकर्णाच्या वाळलेल्या शेंगा, तुळशीच्या सुकलेल्या मंजिऱ्या, झेंडूची वाळकी फुलं कागदाच्या पुड्यांत बांधा आणि वर नावं घाला. निशिगंधाचे कंद नेता येतात. कढीपत्त्याच्या बुंध्याशी छोटी पिल्लं उगवतात, त्यांतलं एखादं मुळांसकट उचलता येतं. जास्वंदीची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी घ्या. खालच्या टोकाला तिरका काप द्या, खालची पानं काढून टाका आणि दोन डोळे मातीत जातील अशी खोचा. उलटी मात्र खोचू नका हं! वाटेत ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची.

जायला अजून दोन-तीन महिने असतील, तर पेरूचं किंवा डाळिंबाचं गुटी कलम मोठ्यांच्या मदतीनं करून पाहा. पावसाळ्यात हे चांगलं जमतं. निरोगी फांदीवरची बोटाच्या पेराएवढी साल बांगडीसारखी गोल काढायची. त्या जागी ओलं शेवाळ लावायचं आणि वरून प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधायचा. काही आठवड्यांनी आत पांढरी मुळं दिसतात. असं का होतं? मुळांनी घेतलेलं पाणी आतल्या लाकडातून वर चढतं, म्हणून फांदी वाळत नाही. पण पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं, ते त्या बांगडीपाशी अडतं. तिथेच साठतं आणि मुळं फुटायला मदत होते. मुळं भरपूर झाली, की त्यांच्या खाली फांदी कापायची. झालं तुमचं झाड!

आणि आंबा? त्याची कोय नेता येते, पण ती ताजी असतानाच लावायची. वाळून गेली, की रुजत नाही. त्यातही एक गंमत आहे. कोयीपासून आलेल्या झाडाला तुमच्या झाडासारखीच चव येईल, याची खात्री नाही. म्हणून तर हापूसची कलमं करतात. तेव्हा त्या झाडाला मूल समजा; आईसारखंच निघायला हवं, असा हट्ट धरू नका.

कुंड्या न्यायच्या असतील, तर आदल्या दिवशीच पाणी घाला. टेम्पोत त्यांच्यावर ताडपत्री घट्ट ओढू नका. पोचल्यावर चार दिवस सावलीत ठेवा. झाडांनाही नव्या जागेची सवय व्हावी लागते. घरात मांजर असेल, तर तिला नव्या घरी दोन-तीन आठवडे आतच ठेवायचं. नाहीतर ती जुन्या घराच्या शोधात निघते आणि हरवते.

तिसरं काम सगळ्यांत महत्त्वाचं, मागे राहणाऱ्यांची सोय लावायची. तुमच्या घरात नवी माणसं राहायला येणार असतील, तर त्यांना एक पत्र लिहा. "मोगऱ्याला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं. पेरूला मुंगळे लागतात, पण ते चावरे आहेत, जपून! लिंबाच्या झाडात बुलबुलाचं घरटं आहे, पिल्लं उडेपर्यंत फांदी छाटू नका." कुर्डीच्या लोकांना असं पत्र लिहायला पुढचं कुणी नव्हतं. तुम्हाला आहे.

आता एक परिच्छेद आईबाबांसाठी. तो त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा! घर सोडायचं ठरलं, की मुलांना शेवटच्या आठवड्यात नका सांगू, लवकर सांगा. सामान बांधण्याच्या धांदलीतून एक संध्याकाळ मोकळी ठेवा. त्या दिवशी सगळे मिळून बागेत बसा, तिथेच जेवा. आणि "झाडच तर आहे" असं म्हणू नका. तुमच्या लहानपणच्या अंगणात कुठलं झाड होतं, ते सांगा. बघा, तुम्हालाही आठवेल.

मोगूबाई लहानपणीच कुर्डीबाहेर पडल्या. पण "कुर्डीकर" हे नाव त्यांच्याबरोबर गेलं आणि गाव बुडाल्यावरही राहिलं. आपल्याकडची कितीतरी आडनावं अशीच आहेत. कधीतरी सोडलेलं एखादं गाव त्यांच्यात असतं. तुमच्या आडनावात कुठलं गाव आहे? आज आजी-आजोबांना विचारा. ते घर कसं होतं, परसात काय काय लावलं होतं, तेही विचारा. आणि मला पत्रानं नक्की कळवा. पत्रासोबत पावलांनी मोजलेला नकाशा असेल, तर फारच छान!

तुमची,
ताई