लेकीचा पहिला मोसम



येरमाळ्याहून एका ताईंचं पत्र आलंय. धाकटी शाळेत खो-खो खेळते, आता तिला क्रिकेटचं वेड लागलंय. 'मुलींना कोटी कोटी मिळतात, हिलाही मिळतील, असं तिचे वडील म्हणतात. मला मात्र धास्ती वाटते.'

ताई, ते कोटी पहिल्या मोसमात काय शिकवून जातात ते आधी बघू या. महिलांची प्रीमियर लीग २०२३ साली सुरू झाली. १३ फेब्रुवारीला मुंबईत लिलाव झाला. (हा शब्द मला मेला रुचतच नाही, जनावरांचा बाजार आठवतो.) यादीत ४०९ नावं, घेतल्या ८७ जणी. सर्वांत मोठी बोली सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनावर, ३ कोटी ४० लाखांची. बंगळूरच्या संघाची ती कप्तान. आणि झालं काय? पहिले पाच सामने ओळीनं हरले. आठ डावांत तिच्या धावा १४९, एकही अर्धशतक नाही. संघ पहिल्यांदा जिंकला त्या दिवशी ती शून्यावर बाद! अंगभर दागिने घालून आलेल्या नव्या सुनेची पोळी करपली की सारं घर बघतं ना, तसंच ते. पण कप्तानी तिच्याकडेच राहिली आणि मार्च २०२४ मध्ये तोच संघ अजिंक्य ठरला.

तुमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे. आधी भालाफेक, गोळाफेक, कबड्डी, क्रिकेट मागाहून. पुढे ती नागालँडकडून खेळली. उत्तर प्रदेशच्या संघानं तिला ३० लाखांना घेतलं. पहिल्या सामन्यात तिच्या बॅटवर कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं, धोनीच्या नावाची अक्षरं तिनं पेननं लिहिली होती. त्याच बॅटनं ५३ धावा काढल्या.

पण तो सगळा मोसम किती दिवसांचा? ४ ते २६ मार्च, तेवीस दिवसांचा. बाकी वर्ष सराव, दुखरे गुडघे आणि घर. हे वडिलांना जरूर सांगा.

आणि तुमच्याच जिल्ह्यातली सारिका काळे आठवा. खो-खोत कोटीची बोली कुठली? घरात कित्येक वर्षं एका वेळच्या जेवणावर भागवावं लागलं, आई शिवणकाम करायची. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या कप्तानीखाली सुवर्णपदक आलं, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार. तेव्हा ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी होती.

म्हणून शाळा सोडवू नका. बक्षिसाचे शंभर रुपये आले तरी तिच्या नावाच्या खात्यात टाका, पासबुक तिला वाचायला लावा. हरून आली तर त्या रात्री कुणी सामन्याचा विषय काढायचा नाही, वडिलांनीसुद्धा नाही.

सकाळी सरावाला जाताना काय द्यावं, असंही विचारलंय. उपाशी पाठवू नका. दाण्याचा एक लाडू किंवा केळं पुरे. परत आली की ज्वारीची भाकरी, घट्ट वरण किंवा उसळ, चालत असेल तर उकडलेलं अंडं. आणि भावाला जेवढं दूध, तेवढंच हिलाही.