हाजींची लस: जीवाणू बदलतो, मग लस कशाला?

हज-उमराहला निघणाऱ्याला मेनिंजायटिसची लस घ्यावी लागते. पुष्कळ जण तिला व्हिसाच्या कागदांतला आणखी एक कागद समजतात. काही जण तर विचारतात, “लस घेऊनही हाजी आजारी पडलेच ना? मग टोचून घेण्यात फायदा काय?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हजच्याच इतिहासात आहे.

१९८७ च्या हजमध्ये मेनिंगोकोकस जीवाणूची साथ आली. तो ‘ए’ गटाचा होता. त्यानंतर सौदी सरकारने लस सक्तीची केली. पुढे २००० मध्ये पुन्हा साथ आली, हाजींबरोबर ती अनेक देशांत पोहोचली आणि घरी राहिलेल्या नातेवाइकांनाही लागण झाली. यावेळी जीवाणू ‘डब्ल्यू-१३५’ गटाचा होता. लस खोटी नव्हती. ती ‘ए’ आणि ‘सी’ गटांसाठी होती.

या जीवाणूभोवती शर्करेचे कवच असते. लस आपल्या शरीराला तेच कवच ओळखायला शिकवते. पण हे जीवाणू एकमेकांची जनुके उचलतात, कधी कवचच बदलतात. शिवाय जुनी लस घशातला जीवाणू हटवत नसे. म्हणून स्वतः ठणठणीत असलेला हाजीही तो घरी आणू शकत होता.

यावर लस सोडून देणे हा उपाय नव्हता. २००२ पासून चार गटांची (ए, सी, वाय, डब्ल्यू) लस सक्तीची झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने पुढे ‘एक्स’सह पाच गटांची लस तयार केली, २०२४ मध्ये ती प्रथम नायजेरियाने वापरली. त्याच वर्षी उमराहहून परतलेल्यांमुळे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्समध्ये रुग्ण आढळले. त्यांतल्या बहुतेकांनी लस घेतलीच नव्हती.

म्हणूनच सांगावेसे वाटते: टूरवाल्याकडून नुसता दाखला मिळवू नका. कोणती लस, किती वर्षे चालते, हे विचारा. पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी ती घ्या. दाखला अधिकाऱ्याला फसवील, जीवाणूला नाही.

उंट आधी बांधावा, मग तवक्कल करावा, ही शिकवण आपल्याला नवी नाही. आणि इथे प्रश्न एकट्या हाजीचा नाही. परतल्यावर त्याच्या गळ्यात पडणाऱ्या नातवंडांचाही आहे.