बल्ब विका, पण बदलायलाही शिकवा

दुकानदार मित्रांनो, काशीमिऱ्याहून हायवेने गुजरातकडे, नाहीतर घोडबंदरमार्गे नाशिककडे निघणारे बायकर आपलं गिऱ्हाईक. त्यांच्यापैकी कुणाचा हेडलाइट गेला की काही दुकानदार "उजेड जास्त पडेल" म्हणत १००/९० वॅटचा बल्ब माथी मारतात आणि तो बसवताना गिऱ्हाईकाला बघूही देत नाहीत. माझ्या मते हा तोट्याचा धंदा आहे.

हिशोब बघा. ६०/५५ वॅटचा एच४ बल्ब हाय बीमवर साधारण ५ अँपिअर खेचतो, १०० वॅटचा ८ च्या वर. गाडीचं वायरिंग तेवढ्यासाठी नसतं, होल्डर वितळतो. त्यात १ एप्रिल २०१७ पासून नव्या टू-व्हीलरचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच. म्हणजे लो बीमवरही ९० वॅटची उष्णता दिवसभर.

म्हणून कंपनीने सांगितलेल्या वॅटचाच बल्ब द्या. काचेला बोट लावू नका. हाताचं तेल लागलं की तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर उडतो. सारखेच उडत असतील तर मल्टीमीटर लावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १५ व्होल्टच्या वर दिसलं तर आधी रेग्युलेटर तपासा.

हे सगळं गिऱ्हाईकासमोर करा, एकदा त्यालाच बसवायला लावा. "मग तो परत कशाला येईल?" येईल ना! रात्री घाटात अंधारात अडकायला नको म्हणून स्पेअर बल्ब तुमच्याकडूनच नेईल. लेबरचे पैसे एकदाच मिळतात, भरवशाचे परत परत.