भंगार म्हणण्याआधी चोक ओळखून दाखवा

ई-कचऱ्यावरच्या एका जनजागृती कार्यक्रमाला गेलो होतो. पडद्यावर फोटो आला. जमिनीवर बसलेला एक पोरगा, पुढ्यात कम्प्युटरच्या जुन्या पॉवर सप्लायचे बोर्ड, डोक्यावर गोल टोपी. टोपीबद्दल कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती. वक्ते म्हणाले, "हे अकुशल हात. आपल्या हातात काय आहे, हेच यांना ठाऊक नसतं." सभागृहाने माना डोलावल्या.

मी फोटो पुन्हा पाहिला. पोरगा चोक निवडत होता आणि त्याच्यासमोर तीन ढीग होते. ज्याला हातात काय आहे ते कळत नाही, तो एकच ढीग करतो. या तीन ढिगांविषयी मला बोलायचं आहे. वक्त्यांना ते दिसले नाहीत.

पहिला ढीग पिवळ्या-पांढऱ्या रिंगांचा. ही लोखंडाच्या भुकटीची रिंग. मायक्रोमेटल्स कंपनीच्या रंगपद्धतीत ती 26 क्रमांकाची. हिरवी-निळी असेल तर 52 क्रमांकाची. दोन्हींची पारगम्यता 75, पण वरच्या फ्रीक्वेन्सीला हिरवी-निळी कमी तापते. ही फेराइट नव्हे, तरी फेराइट म्हणून सर्रास विकली जाते. शिवाय रंग हा काही पुरावा नाही, तो कुणीही फासू शकतो. जुन्या सप्लायमध्ये 12 व्होल्ट, 5 व्होल्ट आणि उणे 12 व्होल्ट अशा सगळ्यांच्या गुंडाळ्या एकाच रिंगवर असतात, म्हणजे एक व्होल्टेज हललं तर बाकीचे त्याला धरून राहतात. त्यातली एकच गुंडाळी बघून "हा साधा चोक" म्हणणारा फसतो. वर्षानुवर्षे तापलेल्या रिंगमधला भुकटी बांधणारा डिंक भाजून निघतो. मीटरवर आकडा जवळजवळ बरोबर येतो, पण काम सुरू झालं की रिंग चुलीसारखी तापते. म्हणून जाणता कारागीर मीटरआधी रिंगखालचा बोर्ड काळवंडलाय का ते बघतो.

दुसरा ढीग एका गाभ्यावर दोन सारख्या गुंडाळ्या असलेल्यांचा. हे विजेच्या तारेजवळचे कॉमन मोड चोक. एक गुंडाळी मोजली तर भरघोस मिलीहेन्री दिसतात आणि नवशिका खूश होतो. पण इथे जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांचं चुंबकत्व खोडतात, म्हणूनच हा गाभा टिकतो. एकच गुंडाळी घेऊन तिच्यातून डीसी सोडला, तर थोड्याशा प्रवाहातच गाभा भरून जातो आणि उरते नुसती तार. ओळख सोपी आहे. दोन्ही गुंडाळ्या एकामागे एक जोडून मोजा. एका दिशेने एका गुंडाळीच्या जवळपास चौपट आकडा येईल, टोकं उलटवली की जवळजवळ काहीच उरणार नाही.

तिसरा ढीग लहान रिंगांचा, जेमतेम काही वेढ्यांच्या. अनेक जुन्या एटीएक्स सप्लायमध्ये 3.3 व्होल्टसाठी वेगळी गुंडाळी नसते. 5 व्होल्टच्याच गुंडाळीवरून ते काढतात आणि मध्ये ही रिंग बसवतात. ती चोकसारखी दिसते, पण काम स्विचचं करते. प्रत्येक स्पंदाला ती काही क्षण वाट अडवते, मग तिचा गाभा भरतो आणि वाट मोकळी होते. किती क्षण अडवायची, हे शेजारचं छोटं सर्किट ठरवतं. तिला मॅग्नेटिक अँप्लिफायर म्हणतात. हिला फिल्टरचा चोक समजून कुणी दुसऱ्या सर्किटमध्ये लावली, तर पहिल्याच फटक्यात मॉस्फेट जातो. साधा एलसीआर मीटर अगदी लहानशा सिग्नलने मोजतो, त्यामुळे तो हे सांगत नाही. कपॅसिटरमधून ठरावीक व्होल्टेज एका झटक्यात द्या आणि प्रवाह ऑसिलोस्कोपवर बघा. खरा फिल्टर चोक असेल तर रेघ सरळ तिरकी चढत जाते. गाभा भरला की ती एकदम उभी होते. ती कुठल्या अँपिअरला उभी झाली, हीच त्या वस्तूची खरी ओळख.

आता माझा प्रश्न. यातलं किती आपल्या पदवीधरांना ओळखता येतं? सूत्र पाठ असतं. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे परीक्षेत लिहून गुण मिळतात. पण अनोळखी रिंगवर दहा वेढे गुंडाळायचे, मोजायचं आणि शंभराने भागून एका वेढ्याचा हिशेब काढायचा, हे त्याच सूत्राचं काम आहे हे किती जणांनी हाताने करून पाहिलंय? पदवीधराला अज्ञान माफ, आणि पोराला ज्ञान असून अकुशल, हा न्याय कुठला?

कायद्याचीही नजर तीच. 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. नोंदणी कोणाची? निर्माता, उत्पादक, नूतनीकरण करणारा, पुनर्चक्रण करणारा. जमिनीवर बसून निवडणाऱ्याला त्यात जागा नाही. पुनर्चक्रणाच्या प्रमाणपत्रांचा हिशेब धातूंच्या वजनावर चालतो. त्या हिशेबात मॅग्नेटिक अँप्लिफायरची रिंग म्हणजे चार ग्रॅम तांबं. सप्टेंबर 2023 मध्ये विश्वकर्मा योजना आली. तिच्या यादीत 18 व्यवसाय आहेत. लोहार, सुतार, कुंभार सगळे आहेत, आनंद आहे. बोर्ड दुरुस्त करणारा मात्र नाही. जणू कारागिरी पन्नास वर्षांपूर्वीच थांबली.

"पण तिथे तारा जाळतात, अ‍ॅसिड वापरतात," असं कुणी म्हणेल. खरं आहे, आणि ते थांबलंच पाहिजे. तो धूर आधी त्या पोराच्याच छातीत जातो. पण विष थांबवणं वेगळं आणि इल्म चिरडणं वेगळं. चोक ओळखून काढणाऱ्याला तो जाळायची गरजच पडत नाही. ओळखलेला चोक नगावर विकला जातो, न ओळखलेला किलोवर. जाळण्याची सक्ती किलोचा भाव करतो.

आता थोडं आपल्या घरात. सच्चर समितीने 2006 मध्येच दाखवलं होतं की मुसलमानांचा मोठा हिस्सा स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगतो. हा आकडा आपण गाऱ्हाण्यासाठी वापरतो, अभिमानासाठी कधी नाही. लग्नाची बोलणी करताना मुलगा "भंगारात आहे" हे दबक्या आवाजात सांगतो. आणि उस्ताद? त्यांचा गुन्हा मोठा आहे. तीस वर्षांचं ज्ञान त्यांनी एका ओळीने कागदावर उतरवलं नाही. शागिर्दाने विचारलं की "बघत राहा, कळेल." एखादा बघत राहतो, बाकीचे कंटाळून सोडून जातात. उस्तादांबरोबर तिसरा ढीगही कबरीत जातो आणि मागे दोनच ढीग उरतात. मग एकच. त्या दिवशी ते वक्ते खरे ठरतील.

म्हणून मागणी सरकारकडे नंतर, आधी आपल्याकडे. गाळ्याच्या भिंतीवर एक वही टांगा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, चित्रं काढा. कुठल्या बोर्डावरून काढला, रंग कोणता, वेढे किती, किती अँपिअरला रेघ उभी झाली. वर पहिल्या पानावर हे लिहा: मोठा कपॅसिटर तीनशेहून जास्त व्होल्ट धरून बसतो, आधी तो रिकामा करा. पोरगा जिवंत राहिला तर वही पुढे जाईल.

पुढच्या कार्यक्रमाला ती वही घेऊन मी जाणार आहे. वक्त्यांच्या टेबलावर तीन चोक ठेवीन आणि विचारीन, यातला स्विच कोणता?